दोरा कुठल्या टोकाला

१

हेडबाई जिन्याच्या तळाशी सापडल्या तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती. दुसरी सगळ्यात वरच्या पायरीवर होती, सरळ, कोणी काढून ठेवल्यासारखी. त्या सापडल्या माझ्या ताईलाच. ताई त्यांची नर्स होती, दोन महिन्यांपासून त्यांच्याच घरी राहत होती. तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "अगं, त्या उठत नाहीयेत."

सगळे म्हणाले, म्हातारं माणूस, तोल गेला. मग पोलिसांनी घर बघितलं आणि ताईच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. दहातल्या सात गोळ्या गायब.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. हेडबाईंच्या रक्तात काही नव्हतं, पण केसांत होतं. शेवटचे दोन महिने त्यांना झोपेचं औषध दिलं जात होतं, असं अहवाल म्हणत होता.

मी तेव्हा विगच्या कारखान्यात खिळ्यांच्या फळीवर केस विंचरत होते. मामा दारात येऊन उभा राहिला. आमच्या घरात आम्ही दोघी आणि हा मामा, तेवढेच. वकील आहे, पण भाडेकरूंच्या भांडणांचा. त्याचा चेहरा बघून माझ्या हातातली बट फळीतच अडकली.

"ताईला घेऊन गेलेत," तो म्हणाला. "उद्या अकराला कोर्टात उभं करणार."

२

प्रयोगशाळेत मामा नको म्हणत असताना मी त्याच्या मागून घुसले. अहवाल लिहिणाऱ्या बाईंच्या नाकावर जाड चष्मा होता आणि टेबलावर एक कागदसुद्धा तिरका नव्हता. त्यांनी माझ्या केसांकडे बघितलं. माझी टोकं निळी आहेत. मीच रंगवलीत, कारखान्यातल्या उरलेल्या रंगाने.

"ही कोण?"

"अशील," मामा म्हणाला.

"अशिलाची बहीण," मी म्हटलं. "आणि तुमचा अहवाल चुकलाय."

"मशीन चुकत नाही, बाळ."

बाळ! माझं डोकं सटकलं, पण मामाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

चष्मेवाल्या बाई मात्र चिडल्या नाहीत. शांतपणे सांगत राहिल्या. "गोळी पोटात गेली की रक्तात येते. रक्त ती दोन-चार दिवसांत विसरतं, लघवी आठवडाभरात. दारू तर काही तासांत निघून जाते. पण ते सगळं रक्त केसाच्या मुळाशीही जातं, आणि मूळ जे मिळेल ते केसात विणून टाकतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे केस ही डायरीच. मुळाजवळचा सेंटीमीटर म्हणजे गेला महिना, त्याच्या पुढचा म्हणजे त्याआधीचा."

"आणि बाहेरून काही लागलं असेल तर?" मामाने विचारलं.

"केस आधी धुतो. मग एकेक सेंटीमीटर कापतो, त्यातलं औषध द्रावणात उतरवतो आणि मशीनला देतो. मशीन रेणूचं वजन करून त्याला ओळखतं."

हेडबाईंचे केस सहाच सेंटीमीटर होते. ते मला माहीत होतं, कारण सहा महिन्यांपूर्वी त्यांची वेणी मीच कापली होती. त्या ताईच्या शाळेच्या जुन्या हेडबाई. एक दिवस कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "वेणीचा भार सोसत नाही. कोणा आजारी मुलीला विग होईल." मग बाकीचं डोकंही मशीनने बारीक करून घेतलं आणि आरशात बघून म्हणाल्या, "आता तू शाळेत परत जा. मी एवढं धाडस केलं, तू तेवढं कर." मी गेले नाही, तो भाग वेगळा.

बाईंनी अहवाल पुढे सरकवला. सहा तुकडे, मुळाकडून मोजलेले. पहिला, औषध आहे. दुसरा, आहे. तिसरा, नाही. चौथा, आहे. पाचवा आणि सहावा, नाही.

"चौथ्यात कुठून आलं?" मी म्हटलं. "चार महिन्यांपूर्वी ताई तिथे नव्हतीच!"

"तेव्हा स्वतःहून घेतलं असेल. ते पोलीस बघतील. मी फक्त केस बघते."

अहवालाला बटेचा फोटो जोडला होता. पांढरीशुभ्र बट, एका टोकाला लाल दोरा. फॉर्मवर लिहिलेलं होतं, 'दोरा मुळाच्या बाजूला'. दोऱ्याकडचं टोक कुंच्यासारखं मागेपुढे झालेलं होतं, दुसरं टोक एका रेषेत. माझी नजर तिथे अडकली. का अडकली ते मला तेव्हा कळलं नाही, आणि मामा तर उठलाच होता.

३

ताईला भेटायला दहा मिनिटं मिळाली. ती बाकावर ताठ बसली होती. ड्युटीवर बसते तशीच.

"पाकिटाचं खरं सांग," मी म्हटलं.

"चमच्यांच्या खणात मागे सरकलेलं होतं. मी कामाला लागले त्याच आठवड्यात सापडलं. हेडबाईंच्या औषधांच्या यादीत ते नव्हतं. डॉक्टरांना दाखवायचं म्हणून पर्समध्ये टाकलं आणि राहिलं."

"दोन महिने राहिलं?"

"राहिलं."

ताई भाजीवाल्याची पिशवी चुकून आली तर संध्याकाळपर्यंत परत देऊन येते. ती दोन महिने विसरली? एक क्षण, फक्त एकच क्षण, मला वाटलं, हिनेच दिल्या असतील तर? म्हातारीच्या हाका असह्य होऊन?

ताईने ते माझ्या तोंडावर वाचलं. ती खाली बघायला लागली.

"अजून एक," ती फरशीकडे बघत म्हणाली. "हेडबाई शेवटच्या आठवड्यात... म्हणजे जायच्या आधी... मला सारखं विचारायच्या. मी कधी कुठल्या कागदावर सही केली होती का गं? मी म्हटलं, मला काय माहीत, मी आत्ता आले. पडल्या त्या दिवशी वकिलाकडे जायचं म्हणूनच त्या उठल्या होत्या. मी आत त्यांचा स्वेटर शोधत होते."

दार वाजलं. दहा मिनिटं संपली.

४

हेडबाईंच्या घरात त्यांचा पुतण्या टेप घेऊन भिंती मोजत होता. चांगला माणूस दिसतो तो. मऊ बोलतो, समोरच्याला आधी बसायला सांगतो.

"तुझ्या ताईवर माझा राग नाही," तो म्हणाला. "दमत असेल बिचारी. मला माहीत आहे ना, काकूंचं करणं किती अवघड होतं. ती यायच्या आधी चार महिने मी एकट्याने केलंय. ऑफिस सांभाळून."

"भिंती कशाला मोजताय?"

"रंगासाठी. घर काकूंनी माझ्या नावावर केलं, पाच महिने झाले. तेव्हापासून म्हणत होत्या, रंगकाम काढ, रंगकाम काढ."

"मग चार महिने केलं आणि सोडून का गेलात?"

तो हसला. "ऑफिसजवळ जागा मिळाली. आणि नर्स मिळाली. तुझीच ताई."

स्वयंपाकघरात मावशी बटाटे सोलत होत्या. त्या पुतण्याच्याही आधीपासून तिथे काम करतात. माझ्याकडे बघितलंच नाही.

"मला विचारू नकोस गं बाई. जेवण मी करते, वाढत मी नाही. आधी साहेब वाढायचे, मग तुझी ताई वाढायची."

"हेडबाई कशा असायच्या हो?"

"कशा म्हणजे? कधी पेंगायच्या, कधी डोळे वटारायच्या. म्हातारपण. साहेब महिनाभर ऑफिसच्या ट्रेनिंगला बाहेरगावी गेले होते ना, तेव्हा मीच वाढायचे. तर एक दिवस इथे येऊन बसल्या आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली! म्हणाल्या, तुझी सालं जाड निघतात. वर्गात शिकवतात तसं मला बटाटा सोलायला शिकवला." मावशींना हसू आलं आणि लगेच गेलंही. "बघ, अजून जाडच निघतात."

"महिनाभर कधी गेले होते?"

"आले, दोन महिने राहिले, मग गेले. परत आल्यावर महिनाभर राहिले, मग कायमचे गेले."

बाहेर टेपचा खटकन आवाज झाला. मावशींनी तोंड मिटलं ते मिटलंच.

रस्त्यावर मी अहवालाच्या मागे सहा चौकोन काढले. मावशींचा हिशोब त्यात बसवला. बसेना. पुतण्या नव्हता त्या महिन्यातच औषध होतं, आणि तो होता ते तिन्ही महिने कोरे. म्हणजे तो सुटला आणि ताई अडकली. मी कागद चुरगळून फेकला. मग परत उचलला, कारण फोटो त्यालाच चिकटलेला होता.

कुंच्यासारखं टोक. कात्रीने कापलेलं टोक एका रेषेत असतं, मागेपुढे असतो तो वाढलेला शेंडा.

आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशी मालकाने माझ्या हातावर कंगवा मारला होता. मी बट आधी कापली आणि मग बांधायला गेले म्हणून. "बांध आधी! कापल्यावर मूळ कुठलं आणि शेंडा कुठला, काय सांगशील?" मुळं-शेंडे उलटसुलट झाले की विगचा असा गुंता होतो की फेकूनच द्यावा लागतो.

ही बट कोणी कापली होती? आणि आधी काय केलं होतं, बांधली की कापली?

५

शवागाराचा मदतनीस मागच्या अंगणात हातमोजे वाळत घालत होता. वयाने मामाएवढा. सगळे त्याला दादा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं.

"दादा, डॉक्टरांच्या हाताखाली हेडबाईंचे केस तुम्हीच कापले ना?"

"डॉक्टरांनी सांगितलं, मी कापले. वीस वर्षं करतोय. का?"

"कसे कापले?"

"कसे म्हणजे? कात्रीने. दाताने कापतात का?"

"माझे अगदी तसेच कापून दाखवा."

त्याने मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "दाखवा हो. नाहीतर ही जाणार नाही."

मी पाठ केली. दादाने माझ्या डोक्यामागची एक बट शेंड्याला चिमटीत धरली, वर ताणली आणि कातडीला लावून कात्री चालवली. कच्च. बट त्याच्या चिमटीत लोंबत राहिली. मग त्याने खिशातला दोरा काढला आणि चिमटीच्या जवळच, हात न बदलता, दोन वेढे देऊन गाठ मारली. किती सफाईने! वीस वर्षांची सवय ती.

"ही घे. दोरा मुळाच्या बाजूला. झालं समाधान?"

मी बट हातात घेतली आणि त्याच्यासमोर धरली.

"दादा, माझे केस कुठल्या टोकाला निळे आहेत?"

"शेंड्याला."

"आणि दोरा?"

त्याने बघितलं. लाल दोरा निळ्या केसांवर बांधलेला होता.

दादा तिथल्या पायरीवर बसला. "इतर वेळी डोक्यावरच बांधतो गं मी," तो पुटपुटला. "लांब केस असले की आधी बांधतो. हे आखूड होते, दोरा बसेना डोक्यावर. म्हणून आधी कापले."

"मग हे लिहून द्या," मामा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो मला खरा वकील वाटला.

६

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आम्ही प्रयोगशाळेच्या दारात. कोर्ट अकराला. चष्मेवाल्या बाईंनी दादाचं निवेदन वाचलं, माझी निळी बट बघितली आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला.

"यावरून एवढंच कळतं की चूक होऊ शकते," त्या म्हणाल्या. "झाली, असं नाही."

"अर्धी बट राखून ठेवलेली असते ना? ती बघा."

"पांढरे केस. रंग नाही. मुळाची गाठही नाही, कारण कापलेले आहेत. कशावरून ओळखू?"

"तुमच्या चिमटीत एक केस धरा. दोन बोटांत पुढेमागे चोळा. केस आपोआप मुळाच्या दिशेने सरकतो. आम्ही दिवसातून शंभरदा करतो." मी माझाच एक केस उपटून दाखवला. चोळला तसा तो हळूहळू सरकत गेला, मूळ पुढे, निळं टोक मागे. "केसावर खवले असतात. त्यांची तोंडं शेंड्याकडे असतात. म्हणून तो उलटा जातच नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं?"

"शाळेत नाही शिकवलं."

त्यांनी पोलीस साहेबांना फोन केला. साहेब आले तेव्हा साडेनऊ झाले होते. त्यांच्यासमोर राखून ठेवलेल्या बटेच्या पाकिटाचं सील तोडलं. मला हात लावायची परवानगी नव्हती, मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाईंनी हातमोजे चढवले, दोऱ्यापासून केस वेगळे केले आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली ठेवले. आधी आणि नंतर, प्रत्येक वेळी, दोऱ्याचं टोक कुठलं ते वहीत लिहीत होत्या.

पहिला केस. दुसरा. तिसरा. घड्याळात दहा वाजून गेले. मामाने नखं खायला सुरुवात केली. सातव्या केसाला बाईंनी चष्मा काढला.

"खवल्यांची तोंडं दोऱ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "सातही. दोरा शेंड्याला आहे. आम्ही डायरी मागून पुढे वाचली. तो कुंच्यासारखा शेंडा मी बघितला होता. वाटलं, ओढताना केस घसरले असतील. मी बघायला हवं होतं."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

मी चुरगळलेला कागद त्यांच्या टेबलावर पसरला आणि आकडे उलटे लिहिले. "सहावा तुकडा म्हणजे गेला महिना. नाही. पाचवा, त्याच्या आधीचा. नाही. हे दोन महिने ताई तिथे होती. चौथा म्हणजे तीन महिन्यांपूर्वी. आहे. तेव्हा पुतण्या होता. तिसरा म्हणजे चार महिन्यांपूर्वी. नाही. तेव्हा मावशी वाढायच्या, आणि हेडबाईंनी त्यांना बटाटा सोलायला शिकवला. दुसरा आणि पहिला, पाच आणि सहा महिन्यांपूर्वी. आहे, आहे. तेव्हा परत पुतण्या. घर पाच महिन्यांपूर्वी त्याच्या नावावर झालं. हेडबाईंना सही आठवत नव्हती, कारण सही करताना त्या अर्ध्या झोपेत होत्या. ताई आली, औषधं यादीप्रमाणे द्यायला लागली, तशा त्या जाग्या झाल्या आणि विचारायला लागल्या."

साहेब माझ्यावर हसले नाहीत. "स्वयंपाकवाल्या बाईंची साक्ष एकटीची आहे. पुतण्या म्हणेल, मी कुठे गेलोच नाही."

"मग त्यालाच विचारा. पण कुठला महिना कोरा ते सांगू नका."

साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला. आवाज अगदी गोड केला. "जरा अडचण आहे हो. तपासणीत चार महिन्यांपूर्वीचं काहीतरी वेगळं निघालंय. तेव्हा घरात कोण होतं?"

पलीकडून तोच मऊ आवाज. "चार महिन्यांपूर्वी? तेव्हा मी नव्हतोच, साहेब! ट्रेनिंगला होतो, महिनाभर. तिकिटं आहेत, ऑफिसचं पत्र आहे. त्या महिन्यात मावशीच होत्या. मी आजच आणून देतो सगळं."

"आणा," साहेब म्हणाले. "सगळं आणा."

त्यांनी फोन ठेवला. "नर्स यायच्या आधीच्या चार महिन्यांत तो एकच महिना घरात नव्हता," ते म्हणाले, "आणि त्या एका महिन्याचा पुरावा स्वतः आणतोय."

"आणि चप्पल?" मी म्हटलं. "ती वरच्या पायरीवर सरळ का होती? त्या पडल्या की..."

"ते केस सांगत नाहीत," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. त्या नवा अहवाल लिहायला बसल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. "केसांनी सांगितलं तेवढंच मी लिहिणार. यावेळी बरोबर बाजूने."

"बाकीचं मी विचारतो," साहेब म्हणाले आणि टोपी उचलली.

घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अहवालावरची शाई वाळायच्या आत मामा तो घेऊन कोर्टाकडे पळाला. मामाला पळताना मी पहिल्यांदा बघितलं.

ताई दुपारी घरी आली. आंघोळ केली, चहा प्यायली, मग माझ्यामागे येऊन उभी राहिली. डोक्यामागे जिथे कातडी दिसत होती तिथे तिने बोट ठेवलं.

"हे काय?"

"पुरावा."

"बस खाली. विचित्र दिसतंय. सारखं करते."

मी खाली बसले. तिने कात्री घेतली, दोरा घेतला. मी वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "एकच क्षण, ताई. फक्त एक क्षण वाटलं होतं मला."

"माहीत आहे. दिसलं मला."

"मग रागावणार नाहीस?"

तिने माझी एक बट हातात घेतली आणि मुळाशी, अगदी कातडीला टेकवून, दोरा एवढा घट्ट आवळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई गं! दुखतंय!"

"दुखू दे," ताई म्हणाली आणि मग कात्री उचलली. "मूळ कुठल्या बाजूला आहे ते तरी कळेल."